बायकांची वाट

बाळांनो, समोर एक कोरा कागद आहे असं समजा आणि त्यावर आपलं गाव काढायला घ्या. खरा कागद नको, मनातला चालेल. आधी देऊळ काढाल, मग शाळा, मग डांबरी रस्ता आणि त्यावरचा एसटीचा थांबा. झालं? आता तुमची आजी रोज जिथं जाते ती जागा काढा. तिथं ती कुठून जाते? कोणाच्या परसातून, कोणत्या बांधावरून, कोणत्या झाडाखालून? पेन्सिल थांबली ना? थांबू द्या. आपल्या गोष्टीतल्या मोठ्या माणसांचीही तिथंच थांबली होती.

आता त्याच कागदावर एक नदी ओढा. ही भीमा. तिच्या या अंगाला शिरूर तालुका, त्या अंगाला दौंड. वडगाव रासाईच्या खालच्या बाजूला, अगदी काठावर, एक गाव ठेवू या, हिवरकाठ बुद्रुक. त्याच्या बरोबर समोर, पाण्यापलीकडं, हिवरकाठ खुर्द. ही नावं खऱ्या नकाशात शोधत बसू नका, ती फक्त आपल्या कागदावर आहेत.

बुद्रुकात सृष्टी राहायची. त्या वर्षी ती पाचवीत होती. वडील रांजणगावला कंपनीत पाळीवर, आई उसात नाहीतर कांद्यात, आजोबा पोपटराव गावच्या राजकारणात. त्यामुळं घरात उरायच्या दोघीच, सृष्टी आणि तिची आजी. आजीचं नाव नकुशी. घरात आधीच मुली, त्यात ही आणखी एक झाली, नकोशी झाली, म्हणून नकुशी. तिच्या पाठीवर पुन्हा मुलगीच झाली, तिचं नाव ठेवलं दगडाबाई. अशी नावं वाट्याला आलेल्या दोघी बहिणींनी एकमेकींना किती घट्ट धरलं असेल, ते तुम्हीच ओळखा.

दोघींचं माहेर तळेगाव ढमढेरे. नकुशी बुद्रुकात दिली, दगडाबाई खुर्दात. मधे नदी. तेव्हा नाव चालायची, सकाळी जाऊन दुपारच्या भाकरीला परत येता यायचं. पुढं वरच्या अंगाला पूल झाला, नाववाल्याला उतारू मिळेनात, त्यानं नाव विकून टाकली. पुलावरून खुर्दला जायचं म्हणजे तीस-बत्तीस किलोमीटर, तेही दोन गाड्या बदलून. घरात ज्याच्याकडं गाडी होती त्याला वेळ नव्हता, आणि जिला वेळ होता तिचे गुडघे धड नव्हते. बहिणी भेटायच्या त्या कोणाच्या लग्नात, नाहीतर कोणाच्या दहाव्याला.

तुम्ही म्हणाल, मग फोन करायचा. पण दगडाबाईला ऐकू येत नव्हतं. तिचा नातू भारत, त्यानं एकदा व्हिडिओ कॉल लावून दिला. नकुशीआजीनं फोन हातात धरला, बराच वेळ बघितलं आणि सृष्टीला परत दिला.

"ही दगडी न्हाई," ती म्हणाली. "दगडीचा फोटू हाय, हालणारा."

म्हणून त्यांचा सोमवार होता. मारुतीच्या देवळामागून एक पायवाट निघायची ती खाली नदीतल्या खडकापर्यंत उतरायची. पूर्वी नाव तिथंच लागायची. सोमवारी महादेवाला नदीचं पाणी घालायचं म्हणून आजी पितळी तांब्या घेऊन जायची. आदल्या दिवशी तो चिंचेनं घासून लख्ख केलेला असायचा. खडकावर उभं राहायचं, तांब्या उन्हात धरायचा आणि हळूच डावीकडं उजवीकडं फिरवायचा. थोड्या वेळानं समोरच्या काठावर दुसरा तांब्या चमकायचा. दोन-चार वेळा इकडून, दोन-चार वेळा तिकडून. बस्स. मग आजी तांब्या भरून घ्यायची आणि वर यायची. सोमवारी आजीच्या भाकरी जास्त फुगतात असं सृष्टीला वाटायचं, आणि ती हे कोणाला सांगत नसे.

दिवाळीनंतरच्या सोमवारी दोघी निघाल्या, तर वाटेत तारेचं कुंपण. नदीकाठची, गावातल्या हौसरावांची सहा एकर जमीन त्यांचा पुतण्या इंद्रजीत यानं प्लॉटिंगसाठी घेतली होती. इंद्रजीत वाईट मुलगा नव्हता. आजीला बघून त्यानं फोन खिशात ठेवला.

"आजी, रस्ता असता तर मी सोडला असता की," तो म्हणाला. "सातबाऱ्यावर न्हाई, गावनकाशात न्हाई. आता नवा आराखडा आलाय, त्यातबी न्हाई. मी काय करू?"

"मी चालत व्हते की रं तितनं. काल-परवापतुर."

"चालत व्हता खरं. पण कागदावर न्हाई."

कुंपणापासून नदी दिसत नव्हती. पलीकडं आत्ता तांब्या चमकत असेल, एकदा चमकेल, थांबेल, पुन्हा चमकेल, हे सृष्टीला नुसतं माहीत होतं. तिनं खालची तार उचलून पाहिली. "आजी, मी जाते ना खालून. मी दाखवून येते तांब्या."

"न्हाई," आजी म्हणाली. "आपल्या वाटंनं चोरावानी जायचं न्हाई."

रिकामा तांब्या घेऊन दोघी परत आल्या. त्या सोमवारी महादेवाला नळाचं पाणी मिळालं.

आता हा आराखडा म्हणजे काय, ते समजून घेऊ. शहर वाढत वाढत आपल्या शिवेपर्यंत आलं, की सरकार आधी एक मोठा नकाशा करतं. पुढच्या वीस वर्षांत घरं कुठं होतील, तिथं पिवळा रंग. शेती कुठं राहील, तिथं हिरवा. कारखाने तिथं जांभळा. रस्ते, शाळा, दवाखाने, मैदानं, सगळ्यांच्या जागा आधीच ठरवायच्या. तो नकाशा पक्का करण्याआधी कच्चा लोकांपुढं ठेवतात आणि म्हणतात, तीस दिवसांत काय चुकलं ते लिहून द्या. तीस दिवस. गावात बहुतेकांना ते कळतात एकतिसाव्या दिवशी.

हिवरकाठला ते वेळेत कळलं, ते वकील सुलक्षणाताईंमुळं. त्या शिरूरच्या कोर्टात काम करायच्या. रविवारी स्कूटरवर नकाशाची गुंडाळी बांधायची आणि आराखड्यातल्या एकेका गावी जायचं, असं त्यांनी त्या महिन्यात चालवलं होतं. हिवरकाठच्या शाळेत त्यांनी तो नकाशा जमिनीवर पसरला, चारी कोपऱ्यांवर चार दप्तरं ठेवली आणि एक भिंग काढलं.

पोपटराव म्हणाले, "वकीलबाई, हितं कुनाचा खटला न्हाई. उगं कशाला तरास घेतला?"

"खटला होऊ नये म्हणूनच आले, आबा," त्या म्हणाल्या. "नकाशा कच्चा आहे तोवर खोडरबर चालतं. पक्का झाला की कोर्ट. आणि कोर्टात मी वीस वर्षं आहे, म्हणून सांगते, खोडरबर स्वस्त पडतं."

माणसं हसली आणि मांडी घालून बसली. वकीलबाईंची रीत अशी होती की त्या आधी काहीच समजावून सांगत नसत. म्हणायच्या, भिंग घ्या आणि पहिल्यांदा स्वतःचं घर शोधा. घर सापडलं की मग विहीर शोधा. मग शेत. आणि घरापासून तिथवर बोटानं चालत जा. बोट कुठं अडलं तर मला सांगा.

सृष्टीची पाळी आली तेव्हा तिनं मारुतीच्या देवळावर बोट ठेवलं आणि ती खाली निघाली. देवळामागं पिवळा रंग होता, तो थेट नदीच्या निळ्या रंगापर्यंत. मधे काहीच नव्हतं.

"अडलं," ती म्हणाली.

"कुठं जायचंय तुला?"

"खडकावर. आजीची वाट न्हाई यात."

सुलक्षणाताई तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसल्या. त्यांनी दुसरा नकाशा काढला. आराखड्याच्या आधी, आज जमिनीवर काय काय आहे त्याचा एक नकाशा करतात, तो होता. सर्व्हेची माणसं गावोगाव हिंडून विचारतात, हा रस्ता कुठला, ती विहीर कोणाची, आणि लिहून घेतात. त्यातही देवळामागं वाट नव्हती.

"सर्व्हेवाले आले तेव्हा त्यांच्याबरोबर कोण फिरलं?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी पोपटरावांकडं बघितलं. पोपटरावांनी छताकडं.

"मीच फिरलो," ते म्हणाले. "बांध अन् बांध दावला त्यास्नी. देवळामागं आल्यावर ते म्हनले, आबा, हिकडं रस्ता हाय का? म्या म्हनलं, रस्ता कसला. ती बायकांची वाट हाय."

मागच्या रांगेत बसलेल्या बायकांतून सोजरबाई म्हणाली, "म्हंजी आमी इतकी वर्सं काय हवंतनं गेलो?"

त्या दिवसापासून नकुशीआजी नवऱ्याशी भांडली नाही, आणि बोललीही नाही. ताट वाढायची, पाणी ठेवायची, मुकाट. पोपटरावांना भांडण चाललं असतं.

सुलक्षणाताईंनी हरकत लिहायला घेतली. हरकत म्हणजे रडगाणं नव्हे, त्यांनी सृष्टीला सांगितलं. तीन गोष्टी लिहायच्या. काय चुकलं, ते खरं काय आहे, आणि आम्हाला नेमकं काय पाहिजे. चूक ही की वापरातली पायवाट नकाशात घेतलेली नाही. पाहिजे हे की मारुतीच्या देवळामागून नदीपर्यंत तीन मीटर रुंदीचा पायी चालण्याचा रस्ता आराखड्यात दाखवावा.

"आणि मधलं?" सृष्टीनं विचारलं. "खरं काय आहे ते?"

"तिथंच घोडं अडलंय. वर्षानुवर्षं कोणी चालत आलं असेल तर त्याला वहिवाट म्हणतात. कायदा तिला मानतो. पण पुरावा मागतो. आणि पायवाटेला ना पावती असते, ना पाटी."

मग पेन बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "नवी वकील होते तेव्हा हायवेकडच्या एका गावात मी जमिनीचे कागद तपासून दिले होते. लिहिलं होतं, या जमिनीवर कोणाची वहिवाट नाही. कागदात नव्हतीच. कागद खरा होता. पुढं तिथं भिंत झाली आणि एका वस्तीची विहिरीची वाट बंद झाली. मी जागेवर गेलेच नव्हते गं. अजून त्या रस्त्यानं जाताना मी मान वळवून बघते."

त्या जायला निघाल्या तेव्हा सृष्टी आजीला म्हणाली, "भांडणाच्या बांधापासून तार लावलीय ना गं? का पदराच्या वळणापासून?"

सुलक्षणाताईंनी हेल्मेट काढलं. "काय म्हणालीस? कुठलं वळण?"

आणि मग बाहेर आलं ते असं. त्या वाटेवरच्या जागांना नावं होती. कोणी ठेवलेली नव्हती, चालून चालून पडलेली होती. मारुतीमागची पायरी. मग पदराचं वळण, कारण तिथं शेतातली पुरुषमाणसं दिसायला लागायची आणि बायका डोक्यावर पदर घ्यायच्या. मग काट्याची बाभळ, तिच्या बुंध्याशी बसून पायातला काटा काढायचा. मग भांडणाचा बांध, तिथं दोन जावांचं एकदा असं जुंपलं होतं की डोक्यावरची धुणी खाली आली. मग रडायचा उंबर. तिथून पहिल्यांदा पलीकडचा काठ दिसतो. नव्यानं सासरी आलेल्या पोरी पाण्याला म्हणून यायच्या, उंबराशी थांबून रडून घ्यायच्या आणि तोंड धुऊन माघारी जायच्या. आणि शेवटी नावेचा खडक.

"ही नावं गावात सगळ्यांना माहीत आहेत?"

"बायास्नी हायत," आजी म्हणाली. "बाप्यास्नी कशाला सांगायची?"

सुलक्षणाताईंनी सृष्टीच्या वहीचं एक पान मागून घेतलं. सृष्टीनं त्यावर सहा नावं ओळीनं लिहिली आणि पान पाकिटात घालून, पाकीट चिकटवून त्यांच्या हातात दिलं. "हे आता कोणालाच दाखवायचं नाही," त्या म्हणाल्या. "आणि मावशी, नदीपलीकडची कोणी बाई या वाटेनं चाललेली आहे का?"

आजीनं पदरानं तोंड पुसलं. "हाय की. माझी दगडी."

सुनावणी फाल्गुनात झाली, पुण्याच्या एका कचेरीत. भारत दगडाबाईला गाडीनं घेऊन आला. लांबलचक व्हरांड्यात बाक होता, त्यावर दोघी बहिणी बसल्या. दोघींनी आधी एकमेकींचे हात बघितले, मग पायांच्या भेगा. दगडाबाईला ऐकू येत नव्हतं म्हणून नकुशी बोलत नव्हती, आणि नकुशी बोलत नव्हती म्हणून दगडाबाईही गप्प होती. दोघींनी मधे एक शेंगदाण्याचा लाडू ठेवला होता. तो दोघी एकमेकींकडं सरकवत होत्या. एवढ्या जवळ बसलेल्या त्या सृष्टीला ओळखूच येईनात. तिच्या डोक्यातली दगडाबाई म्हणजे लांबवरची एक चमक होती.

आत मोठ्या टेबलामागं साहेब आणि समितीची दोन माणसं होती. इंद्रजीत आपली फाईल घेऊन आला होता. सातबारा, गावनकाशा, सगळं व्यवस्थित होतं. मागं भिंतीशी सृष्टी आणि पोपटराव उभे होते.

सुलक्षणाताईंनी पाकीट टेबलावर ठेवलं. "साहेब, हे आत्ता उघडू नका. बाहेर तीन बाया आहेत. एकेकीला आत बोलवा आणि मारुतीपासून नदीपर्यंत वाटेत काय काय लागतं ते विचारा. मी एक शब्द बोलणार नाही."

पहिली आली सोजरबाई. तिनं बोटांवर मोजत सहा नावं सांगितली आणि भांडणाच्या बांधाशी थांबून त्या दोन जावांपैकी धाकटी आपणच, हेही सांगितलं. "चूक माझीच व्हती, पर तवा म्या मानली न्हाई," ती म्हणाली. साहेब लिहून घेत होते, त्यांनी ते लिहिलं नाही.

मग सोजरबाईची सून अनिता आली. तिनं तीच सहा नावं, त्याच क्रमानं सांगितली.

"पाठ करून आणलंय, साहेब," इंद्रजीत म्हणाला. "तिथं बाभूळच न्हाई. फोटो लावलेत मी."

साहेबांनी फोटो बघितले. "बाई, इथं तर झाड दिसत नाही."

"तोडली, साहेब. माझ्या लग्नाच्या आधीच. मी कवा पाह्यलीबी न्हाई."

"मग काट्याची बाभळ कशाला म्हणता?"

"सासूबाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं, हितं बाभळीपाशी बस आन् काटा काढ. म्हनून मी तितंच बसती. पर्वा जाऊ आली नवी, तिला मीबी तसंच सांगितलं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं.

तिसरी आली दगडाबाई. साहेबांनी प्रश्न विचारला, तिनं नुसती मान हलवली. त्यांनी पुन्हा विचारला. सृष्टी पुढं जायला निघाली, सुलक्षणाताईंनी तिला हातानंच थांबवलं. शेवटी साहेब खुर्चीतून उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि दगडाबाईच्या कानाशी वाकून ओरडले, "आजी, वाटेत काय काय लागतं?"

"वरडू नका, म्हातारी हाय मी," दगडाबाई म्हणाली. मग तिनं डोळे मिटले. "नावेतनं उतरलं की खडक. मंग उंबर. तितं आमची नकुशी येऊन थांबायची मला न्यायला. मंग तो जावांच्या भांडनाचा बांध. मंग काट्याची बाभळ. मंग पदर घ्यायचा. मंग मारुतीची पायरी."

साहेबांनी पाकीट फाडलं. आत सृष्टीच्या अक्षरातली सहा नावं होती. त्यांनी ती वरून खाली वाचली, मग खालून वर.

"ही उलटी सांगते," इंद्रजीत हळूच म्हणाला. उलटी का, ते त्यालाही कळलं होतं. ती पाण्याकडून येत होती.

"एकच माणूस राहिलं," सुलक्षणाताई म्हणाल्या. "पोपटराव, पुढं या. सर्व्हेच्या लोकांना तुम्ही जमीन दाखवलीत?"

"व्हय."

"मग या वाटेवरची सहा ठिकाणं सांगा बरं."

पोपटरावांनी टोपी काढून हातात घेतली. पंचायतीत, सोसायटीत, साखर कारखान्याच्या सभेत कधी न अडखळलेला माणूस तो. "मारुतीमागची पायरी ठावं हाय," ते म्हणाले. "फुडचं न्हाई सांगता यायचं."

"का?"

"मी कवा गेलोच न्हाई तिकडनं. आमी डांबरीनं जातो."

"म्हणजे सर्व्हेवाल्यांनी वाट कोणाला विचारली?"

पोपटरावांनी व्हरांड्याच्या दाराकडं बघितलं. तिथं नकुशी उभी होती. "जो चालत न्हाई, त्याला," ते म्हणाले.

निघायच्या वेळी गाड्या दोन होत्या. एक दौंडकडं जाणारी, एक शिरूरकडं. दगडाबाईनं गाडीच्या काचेतून हात बाहेर काढला. तिला काही सांगायचं होतं की नुसताच हात काढला, ते कळेपर्यंत गाडी वळली. परतीच्या रस्त्यावर, कोरेगाव भीमा मागं पडल्यावर, नकुशीआजी नवऱ्याशी इतक्या दिवसांनी पहिलं वाक्य बोलली. "टोपी घाला. गार वारं हाय."

पण बाळांनो, नकाशाचं घड्याळ आपल्या घड्याळासारखं चालत नाही. समितीनं शिफारस केली, ती वर गेली. वरून प्रश्न आला, त्याला सुलक्षणाताईंनी उत्तर दिलं. ते उत्तर सापडेना झालं, त्यांनी पुन्हा दिलं. उन्हाळा गेला, पाऊस गेला, भीमा भरून वाहिली आणि ओसरली. सृष्टी सहावीत गेली. कुंपण तिथंच होतं. दर रविवारी आजी तांब्या चिंचेनं घासायची आणि दर सोमवारी तो फडताळात तसाच लखलखत राहायचा. एकदा सृष्टीनं विचारलं, "आजी, पलीकडं अजून येत असंल का गं ती?"

"येऊन तरी काय करंल?" आजी म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "येत असंल."

भारतला फोन करून विचारता आलं असतं. आजी विचारू देत नव्हती. न येण्याची खात्री करून घ्यायला तिचं मन धजत नव्हतं.

मार्गशीर्ष लागला आणि सुलक्षणाताई पुन्हा शाळेत आल्या. चार दप्तरं, चार कोपरे. आराखडा मंजूर झाला होता. मारुतीच्या देवळापासून नदीपर्यंत, पिवळ्या रंगातून, एक बारीक रेघ होती.

सृष्टीनं बोट ठेवलं आणि ती चालत गेली. बोट अडलं नाही. पण ते सरळ गेलं. "वळण कुठंय?" तिनं विचारलं.

"गेलं," सुलक्षणाताई म्हणाल्या. "प्लॉटांच्या कडेनं रस्ता सरळ करून दिलाय त्यांनी. बाभळीची जागा आणि बांधही प्लॉटात गेले. मी भांडले गं. उंबर राहिला. जेवढं सरळ रेषेत बसलं तेवढं मिळालं."

"पदराचं वळण गेलं ते बरं झालं," सोजरबाई म्हणाली. "आता पदर घेतंय कोन?"

सगळ्या हसल्या. अनिता हसता हसता थांबली. "पर काटा कुठं काढायचा?" ती म्हणाली.

इंद्रजीतनं स्वतः उभं राहून तार कापली. त्यानं दोन्ही बाजूंनी दगड रचून वाटेची कड आखली, आणि पोपटरावांनी, न सांगता, रस्त्याच्या मधले खड्डे मुरमानं भरले. बाभळीच्या जागेच्या समोर, नव्या रस्त्याच्या कडेला, त्यांनी एक बसका दगडही आणून ठेवला. कशाला, ते कोणी विचारलं नाही.

सोमवारी सकाळी आजी आणि सृष्टी निघाल्या. तेरा महिने झाले होते. वाट रुंद होती, सोपी होती, आणि अनोळखी होती. आजी नेहमीच्या जागी उजवीकडं वळायला गेली आणि थांबली. तिथं आता दगडांची रांग होती. मग ती सरळ चालली. उंबराशी पोहोचेपर्यंत तिला धाप लागली. खडकाकडं उतरायच्या पायऱ्या पुरानं ढासळल्या होत्या. आजीनं एक पाय खाली टाकून बघितला आणि मागं घेतला. या तेरा महिन्यांत गुडघेही म्हातारे झाले होते.

ती उंबराच्या मुळावर बसली. समोर नदी होती, पाण्यावर ऊन होतं, पलीकडं ऊस होता. काठावर काही तरी गडद दिसत होतं. ते माणूस होतं की वाळत घातलेलं घोंगडं, ते इथून कळत नव्हतं.

"दिसतंय का गं काय?" आजीनं विचारलं. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. "तुझी नजर चांगली हाय. हाय का कुनी?"

सृष्टीनं डोळ्यांवर हात धरून बघितलं. खोटं बोलावंसं तिला वाटलं, पण ती बोलली नाही.

"कळत न्हाई, आजी," ती म्हणाली.

आजीनं मान हलवली. तांब्या तिच्या मांडीवर होता, पदरानं झाकलेला. तिनं तो काढला, दोन्ही हातांनी सृष्टीपुढं धरला, आणि उंबराला पाठ टेकली.

सृष्टीनं चपला काढल्या. ढासळलेल्या दगडांवरून, एक हात जमिनीला लावत, ती खाली उतरली. नावेच्या खडकावर, जिथं आजी उभी राहायची तिथंच, तिनं पाय रोवले. मग तिनं तांब्या उन्हात उंच धरला, आणि थोडा डावीकडं, थोडा उजवीकडं, अगदी हळू, फिरवायला लागली.